परुळेकर हवालदारांची गस्त

आमच्या गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की अमेरिकेतल्या आयसेलिनच्या देशी भाजीच्या दुकानात उभी असलेली कुठलीही बाई भुवया उंचावते आणि म्हणते, "अगंबाई, तिथे राहता तुम्ही? तिथे चोऱ्या होतात ना?" या प्रश्नाचा मला इतका वैताग आला होता, की कोणी विचारलं तर मी नुसतं "समुद्राजवळ" एवढंच सांगायला लागले. ते खोटं नव्हतं. आमचं गाव बंदराचं. खाडी समुद्राला मिळते तिथे जुना धक्का, धक्क्यावर सकाळी दोन-चार मासेवाले, आणि तिथून वर चढत जाणारा बाजाराचा रस्ता. त्या रस्त्यावर माझी फार्मसी होती.

चोऱ्या होत होत्या, हेही खोटं नव्हतं. आधी तांब्याचा कारखाना बंद पडला, मग केबलचा. जहाजं पलीकडच्या मोठ्या बंदरात जायला लागली आणि आमच्या धक्क्यावर गंजलेले खांब तेवढे राहिले. संध्याकाळी सहा वाजले की रस्ता ओस पडायचा. उभ्या गाड्यांमधले रेडिओ जायचे, दुकानांच्या काचा फुटायच्या. ज्या म्हाताऱ्याकडून मी फार्मसी घेतली तो लागोपाठ दोन चोऱ्यांना कंटाळून फ्लोरिडाला निघून गेला होता, म्हणून तर ती मला परवडली. माझा नवरा गिरीश म्हणाला, "कांचन, तू औषधाचं दुकान घेतेयस की डोकेदुखी?" मी म्हटलं, दोन्ही एकाच छपराखाली असलेलं बरं.

तर अशा या गावात १९८४ च्या उन्हाळ्यात श्रीराम परुळेकर राहायला आले. त्यांचा मुलगा अतुल टेलिफोन कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. तो आणि त्याची बायको सीमा धक्क्याजवळच्या एका घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत. आदल्या वर्षी अतुलची आई गेली. वडील वेंगुर्ल्याच्या घरात एकटेच उरले, म्हणून अतुल गेला, घराला कुलूप लावलं, किल्ली शेजाऱ्यांकडे दिली आणि वडिलांना घेऊन आला. अशा किल्ल्या आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या शेजाऱ्यांकडे आहेत.

माझी आणि त्यांची ओळख झाली ती अशी. सप्टेंबर संपत आला होता. सहा वाजता दुकान बंद करून, दार आतून लावून मी मागच्या बाजूला बाटल्या जागच्या जागी ठेवत होते. एवढ्यात पुढच्या दाराचं हँडल कोणीतरी खडखडवलं. दोनदा. काउंटरखाली मी बेसबॉलची बॅट ठेवली होती, ती उचलली. एरवी मी गिऱ्हाइकांशी दिवसभर इंग्रजीत भांडते. त्या वेळी मात्र एक इंग्रजी शब्द सुचला असेल तर शपथ. मी ओरडले, "कोण आहे?"

बाहेरून शांतपणे उत्तर आलं, "हवालदार."

क्षणभर मला कळेना, मी अमेरिकेत आहे की पुण्याला माहेरी. दिवा लावला तर काचेपलीकडे माकडटोपी, तपकिरी स्वेटर, हातात काठी आणि ओठांवर नीट कातरलेली पांढरी मिशी. तेही माझ्याकडे तितक्याच अचंब्यानं बघत होते.

"मराठी?" त्यांनी विचारलं.

"मराठी," मी म्हटलं. "पण तुम्ही माझं दार का हलवताय?"

"लागलंय की नाही ते बघतोय. लागलंय. ठीक आहे." एवढं बोलून ते वळून चालायला लागले. दार उघडून मी रस्त्यावर पळाले आणि त्यांना अक्षरशः बाहीला धरून आत आणलं.

मागच्या खोलीत माझी चहाची किटली असायची. चहा घेता घेता त्यांनी जे सांगितलं त्यावरून मला कळलं, की हा माणूस वेडा नाही, फक्त निवृत्त आहे. सगळी नोकरी पोलिसांत, आणि त्यातली बहुतेक वेंगुर्ल्याच्या बंदरात. संध्याकाळी बाजार बंद झाला की हवालदारानं फेरी मारायची आणि प्रत्येक दुकानाचं कुलूप हातात धरून हलवायचं. लावलेलं दिसणारं कुलूप पुष्कळदा नुसतं अडकवलेलं असतं, ते डोळ्यांना कळत नाही, हातालाच कळतं.

"दोनदाच का हलवलंत?" मी विचारलं.

"दोनदा हलवतो तो पोलीस. तिसऱ्यांदा हलवतो तो चोर." ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "आत कोणी निजलेला असला तर तो विचारतो, कोण? आपण म्हणायचं, हवालदार. तो म्हणतो, ठीक आहे. मग तोही निर्धास्त, आपणही."

मी त्यांना वेंगुर्ल्याच्या गुन्हेगारीबद्दल विचारलं. ते विचारात पडले. नारळ जायचे, कोंबड्या जायच्या. एक जण दर पावसाळ्यात कुंपण वीतभर शेजाऱ्याच्या जमिनीत सरकवायचा आणि दर दिवाळीला परुळेकर जाऊन ते परत मागे घेऊन यायचे. बोट लागायची त्या दिवशी धक्क्यावर बंदोबस्त, कारण मुंबईहून येणाऱ्या ट्रंकांवर सगळ्यांचा डोळा. बोटीबद्दल बोलताना त्यांचा आवाजच बदलला. बोट लांबूनच भोंगा द्यायची, मग उतारूंना आणायला पडाव, म्हणजे छोट्या होड्या, निघायच्या, अर्धं गाव धक्क्यावर जमायचं, कोणाचं तरी कोणीतरी आलेलं असायचं.

"आणि इथे का फिरता तुम्ही, काका? इथे तुम्हाला कोण विचारतंय?"

"सहा वाजले की पाय उठतात गो," ते म्हणाले. "समुद्राचा वास येतो, दुकानं बंद होताना दिसतात, आणि मी घरात बसून काय करू?"

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. मला स्वतःला चारच्या सुमाराला, दुकानात गर्दी असली तरी, आईच्या हातच्या चहाची आठवण येते आणि जीव खालीवर होतो. त्याला औषध नाही, आणि हे मी औषधं विकणारी सांगतेय.

त्यानंतर त्यांची फेरी माझ्या दिवसाचा भाग झाली. धक्क्यापासून ते सुरुवात करत. ऑलिव्हेरांचं हार्डवेअरचं दुकान, मग न्हाव्याचं, मग लॉन्ड्री, मग बंद पडलेलं थिएटर, जिथे चोरण्यासारखं काही उरलंच नव्हतं तरी त्याचंही दार ते हलवत. माझं दुकान सगळ्यांत शेवटी. खरं तर ते वाटेत मध्येच लागायचं, पण ते पुढे जाऊन, वळून परत येत. मी आतच थांबायचे. हँडल दोनदा हलायचं.

"कोण आहे?"

"हवालदार."

"सगळं ठीक आहे, काका."

मग मी दार उघडायचे आणि चहा व्हायचा. गिरीश मला चिडवायचा, की तुझं दुकान पोलीस बंदोबस्तात चालतं, आता सोनंच विकायला ठेव. रस्त्यावरच्या जुन्या दुकानदारांनाही त्यांची सवय झाली होती. ऑलिव्हेरा पोर्तुगालच्या कुठल्याशा कोळीगावातले. त्यांना काकांचं इंग्रजी कळत नसे आणि काकांना त्यांचं. पण धक्क्यावर बांगडे आले की ऑलिव्हेरा काकांसाठी दोन बाजूला काढून ठेवत. ते घरी शिजले की सीमा सगळ्या खिडक्या उघडून बसायची.

पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. बर्फ भुरभुरत होतं. असल्या हवेत काका येणार नाहीत असं मी धरून चालले होते. तरी हँडल हललंच. मी त्यांना आत घेऊन हीटरपाशी बसवलं आणि रागावले. काठी घसरली असती, पडला असतात, तर मी अतुलला काय सांगितलं असतं? त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग कप दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "तुझं दार शेवटी का ठेवतो, माहीत आहे?"

"का?"

"वेंगुर्ल्याला शेवटची कडी घरची असायची. फेरी संपली की मी आमच्या दाराची कडी दोनदा हलवायचो. अतुलची आई जागीच असायची. आतून विचारायची, 'कोण आसा?' रोज. लग्न झालं तेव्हापासून. तिला काय कळत नव्हतं कोण ते? मी म्हणायचो, हवालदार. मग ती म्हणायची, 'सगळा बरा आसा. येवा आता भितर.' मग कडी काढायची." ते हसले. "ती गेल्यावर एकदा हलवली मी कडी. हात गेला आपोआप. बाहेर उभा राहिलो. मग लक्षात आलं, की दार मलाच उघडायला हवं. अतुल म्हणाला, बाबा, चला अमेरिकेला. आलो. आणि इथे त्या दिवशी तू आतून विचारलंस, कोण आहे."

मी सहसा रडणारी बाई नाही, पण तेव्हा रडले, आणि ते लपवलंही नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, चहा संपवला, टोपी नीट केली आणि गेले. पुढेही मी रोज "कोण आहे?" असंच विचारत राहिले आणि "सगळं ठीक आहे, काका" असंच म्हणत राहिले. त्यांच्या बायकोचे शब्द मी कधी वापरले नाहीत. ते माझे नव्हते.

वसंतात लायब्ररीत गावाची सभा भरली. विषय होता, वाढत्या चोऱ्या आणि नागरिकांची सुरक्षितता. मी काकांना घेऊन गेले. वर्दीतला एक अधिकारी तक्त्यावर काठी ठेवून सांगत होता, की घरफोड्या इतक्या वाढल्या, गाड्या फोडण्याचे प्रकार तितके वाढले. लोक चिडून प्रश्न विचारत होते. काका ताठ बसून ऐकत होते आणि मी कानात भाषांतर करत होते. शेवटी त्यांनी मला विचारलं, "यांचा बीटावर चालणारा माणूस कोण?"

"चालणारा कोणी नाही, काका. सगळे गाडीतून फिरतात."

"गाडीतून कुलूप कसं हलवणार?"

हा प्रश्न मी कोणाला भाषांतर करून सांगितला नाही. सभेत असं ठरलं, की नागरिकांनीच डोळे उघडे ठेवायचे आणि संशयास्पद माणूस दिसला की पोलिसांना फोन करायचा. महिन्याभरात रस्त्यावरच्या खांबांवर तशा पाट्याही लागल्या. पाटीवर एक मोठा डोळा काढलेला होता. काकांना ती पाटी आवडली. त्यांना वाटलं, आपण करतो तेच काम आता सरकारी झालं.

त्यांचं सगळं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. ते करायचे त्याची मला मनातून धास्तीच होती. वेंगुर्ल्याला कडी हलली तर आतल्या माणसाला वाटायचं, आपल्यासाठी कोणीतरी जागं आहे. इथे हँडल हललं तर वाटतं, कोणीतरी आत येतंय. आणि इथे माझ्यासारखी बॅट ठेवणारी माणसं कमी, पिस्तूल ठेवणारी जास्त. हे मी काकांना दोन-तीनदा समजावलं. ते म्हणायचे, "मी दोनदाच हलवतो गो," जणू काही तो नियम त्या रस्त्यावरच्या सगळ्यांना पाठ होता.

त्या नोव्हेंबरात कोपऱ्यावर नवीन दारूचं दुकान निघालं. मालक बाहेरगावचा, आमच्यापैकी कोणाला ओळखत नव्हता. दुकान उघडल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी, तो आत माल लावत असताना त्याच्या दाराचं हँडल खडखडलं. त्यानं काचेतून बघितलं, तर माकडटोपीतला एक सावळा माणूस काठी घेऊन उभा. तो माणूस पुढच्या दुकानाचंही दार हलवताना त्याला दिसला. त्यानं खांबावरच्या पाटीत सांगितलं होतं तेच केलं.

मी दुकानात होते. निळा-लाल दिवा काचेवर फिरताना दिसला म्हणून बाहेर आले. पोलिसांची गाडी रस्त्यात आडवी, आणि एक तरुण पोलीस गाडीच्या दाराआड उभा राहून काकांना ओरडून सांगत होता, काठी खाली टाका, हात वर करा. काकांना ते कळलं की नाही, देव जाणे. पण समोर वर्दी होती. त्यांनी काठी टाकली, टाचा जुळवल्या, आणि आयुष्यभर वर्दीसमोर जे केलं तेच केलं. त्यांचा उजवा हात खाडकन कपाळाकडे गेला.

पोलिसाचा हात कमरेकडे गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मी पांढऱ्या कोटात, दोन्ही हात वर करून ओरडत पळाले, की हा माझा काका आहे, म्हातारा आहे, रिटायर्ड पोलीस आहे. पोलीस भला होता. त्यानं हात कमरेवरून काढला, काकांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली, नाव-गाव विचारलं. काका अजून सॅल्यूटमध्येच उभे होते. तेव्हा त्या पोरानं जरा घुटमळत त्यांना उलट सॅल्यूट केला, आणि मगच त्यांचा हात खाली आला.

अतुल घ्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. दुसऱ्या दिवशी तो एकटाच माझ्याकडे आला आणि म्हणाला, "कांचनताई, मी डिसाइड केलंय. पार्सिपनीला घर बघतोय. सीमा कधीची मागे लागलीय. तिथे क्राइम झिरो आहे, स्कूल्स चांगल्या आहेत. तोपर्यंत बाबांचं फिरणं बंद."

"अतुल, फिरणं बंद केलंस तर ते आजारी पडतील."

"आणि चालू ठेवलं तर? उद्या कोणी शूट केलं तर मी काय करू, सांगा ना. आईला मी शेवटी भेटू शकलो नाही. आता यांनाही असं..." त्यानं वाक्य पूर्ण केलं नाही. तो चुकत नव्हता, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

काकांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. त्या आठवड्यात ते भर दुपारी दुकानात आले. गिऱ्हाइकं होती, तर रांगेत उभे राहिले. पाळी आल्यावर काउंटरवर हात ठेवून हळूच म्हणाले, "अतुलला सांग, मी कुलपांना हात लावणार नाही. नुसतं चालेन, नुसतं बघेन. पण धक्क्याजवळ राहू दे म्हणावं. तिथे पार्सिपनीत पाणी नाही, चालायला रस्त्याला कडेची पट्टी नाही, बाजार नाही. तिथे मी कोणाच्या दारावरून जाऊ?"

मी अतुलशी बोलले. पुष्कळ बोलले. शेवटी घराचा व्यवहार होईपर्यंत काकांना संध्याकाळी धक्क्यापासून माझ्या दुकानापर्यंत चालत येऊ द्यायला तो तयार झाला, कुठल्याही दाराला हात लावायचा नाही या अटीवर. काकांनी शब्द दिला. त्या पिढीच्या माणसांचा शब्द भारी वाईट असतो, ते तो पाळतात.

तो हिवाळा मला फार लांब वाटला. सहा वाजले की मी आत थांबायचे. काचेपलीकडे त्यांची सावली येऊन उभी राहायची. हात पाठीमागे बांधलेले, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. हँडल हलायचं नाही. मीच उठून दार उघडायचे. चहा व्हायचा, बोलणंही व्हायचं, पण ते घोट घोट पीत दाराकडेच बघत राहायचे.

मार्चमध्ये त्यांचं सामान गेलं. त्यांची शेवटची संध्याकाळ होती. सावली आली, उभी राहिली. मला वाटलं, आज तरी हलवतील. आज कोण बघतंय? मी वाट बघितली. शेवटी न राहवून आतूनच विचारलं, "कोण आहे?"

काचेवरची सावली किंचित मागे सरली. मग ते म्हणाले, "कोणी नाही गो."

दार उघडेपर्यंत ते उतारावरून खाली निघाले होते. मी हाक मारली नाही. हाक मारून त्यांना काय सांगणार होते? त्यानंतर सहा वाजता दुकानात थांबणं मी सोडून दिलं. पण दिवसाही पुष्कळदा बाटल्या लावता लावता हात थांबायचा आणि मी ऐकत राहायचे. ऑलिव्हेरांनी एकदा दोन बांगडे वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिले आणि खुणेनंच विचारलं, ते कुठे? मी मान हलवली. माशांचं काय करायचं, मला कळेना. मी पुण्याची, मला बांगडा साफसुद्धा करता येत नव्हता.

ऑक्टोबरात एका रविवारी मी बर्फाच्या डब्यात बांगडे घालून पार्सिपनीला गेले. घर खरंच सुरेख होतं. पुढे हिरवळ, मागे झाडं, गाडी वळवून थांबेल असा बंद गोल रस्ता. सीमानं हौसेनं सगळं घर दाखवलं. दारापाशी भिंतीवर आकड्यांची एक पेटी होती, तिच्यावर लाल ठिपका लुकलुकत होता.

"अलार्म सिस्टिम," सीमा म्हणाली. "कोड टाकल्याशिवाय दार उघडलं की डायरेक्ट पोलीस येतात. पण खरं सांगू, गरजच नाही. इथे काही होत नाही."

"होय," खिडकीजवळच्या खुर्चीतून काका म्हणाले. "इथे काही होत नाही."

ते बारीक झाले होते. मिशी वाढून ओठांवर आली होती. खिडकीतून हिरवळ आणि रिकामा रस्ता दिसत होता, आणि त्या सगळ्या दुपारी त्या रस्त्यावरून एकही माणूस चालत गेला नाही. मला बघून त्यांना आनंद झाला, पण तो जरा उशिरा चेहऱ्यावर आला, लांबून येणाऱ्या बोटीसारखा. मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी एकेका दुकानाची चौकशी केली. ऑलिव्हेरांचं कुलूप जुनं झालंय, बदललं का? न्हावी अजून मागचं दार विसरतो का? थिएटरचं काय झालं? मी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. बरंचसं खरंही होतं. मग त्यांनी विचारलं, "आणि तुझं दार?"

"माझंही ठीक आहे, काका."

"कोण बघतं?"

"मीच बघते. दोनदा."

त्यांनी मान डोलावली आणि माझ्या हातावर थोपटलं. जेवणं झाली. बांगडे सीमानं स्वतः तळले आणि खिडक्याही उघडल्या नाहीत, हे मला तिचं मनापासून आवडलं. बाहेर उजेड उतरायला लागला तसे काका खुर्चीत चुळबुळ करायला लागले. अतुल मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "रोज याच वेळेला असं होतं. उठतात, हॉलमध्ये दारापाशी जाऊन उभे राहतात. हात मागे बांधून. काही टच करत नाहीत, नुसते उभे. मी विचारलं, तर म्हणतात काही नाही. ताई, मी चुकलो का?"

"नाही रे," मी म्हटलं. तो खरंच चुकला नव्हता.

मी निघाले. काका दारापर्यंत आले. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला. मी बाहेर पडल्यावर दार लागलं आणि आतून पेटीचा टिकटिक आवाज आला. अतुलनं सवयीनं अलार्म लावला होता. मी गाडीपर्यंत गेले, पर्समधून किल्ली काढली. मागे वळून बघितलं तर दाराशेजारच्या उभ्या काचेतून त्यांची सावली दिसत होती. ते अजून तिथेच उभे होते. दिवेलागण झाली होती. आमच्या गावात एव्हाना दुकानं बंद झाली असतील आणि धक्क्यावरून वास येत असेल, असं माझ्या मनात आलं.

मी काय करतेय ते मला नीट कळायच्या आत मी परत दारापाशी गेले होते. हँडल पितळेचं होतं, गार. मी ते घट्ट धरलं आणि हलवलं. दोनदा.

आतली सावली दचकली नाही. जराशी ताठ झाली.

"कोण आसा?" आतून आवाज आला.

मी म्हटलं, "हवालदार."

काचेतली सावली दाराकडे सरकली. मग काका बोलले. तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. हळू, झोपेत असल्यासारखा, एखादी बाई दाराच्या अगदी जवळ येऊन बोलेल तसा.

"सगळा बरा आसा. येवा आता भितर."

मी हँडल धरून उभी राहिले. आत त्यांचा हात दारावर ठेवल्याचं काचेतून दिसत होतं. पण त्यांना कोड माहीत नव्हता, आणि मलाही.